देविदास ज्या कड्याखाली गेला

ओढ्याच्या पुलाआधी प्रमोदनं जीप बाजूला घेतली आणि इंजिन चालूच ठेवून विचारलं, "ताई, खरं सांगा. देविदासच्याच घरी चालल्या ना?"

राजनंदिनीनं मान हलवली. सेनगावहून निघाल्यापासून ती त्याला 'ओळखीचे आहेत' एवढंच सांगत आली होती.

"मंग ऐका. त्याचा धाकटा भाऊ हाय, प्रेमदास. लई तापट. मागं कंपनीकडून एक माणूस आला होता, देविदास गेला म्हणून सांगाया. त्याला प्रेमदासनं कॉलर धरून ह्या पुलापर्यंत आणून सोडला. तुमी बाईमाणूस, तुमाला हात न्हाई लावणार. पर मी गाडी तोंड फिरवूनच उभी करतो. तुमी चला म्हणल्या की निघायचं."

"बरं," राजनंदिनी म्हणाली.

दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन निघालेली रानं काळीशार उघडी पडली होती, कुठं हरभऱ्याला पाणी चाललं होतं, बांधाकडेला तुरी माणसाच्या डोक्यावर गेल्या होत्या. राजनंदिनीला हे सगळं ओळखीचं होतं. ती वसमतची. वडील उत्तमराव हळदीचे मोठे शेतकरी. तीन वर्षांपूर्वी त्यांनी लेकीला डॉक्टरकी शिकायला पाठवलं, ते थेट कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर. बेट म्हणजे समुद्रातून डोकं वर काढलेला ज्वालामुखीच. डोंगरावर गंधकाचा वास, किनाऱ्याला काळी वाळू, आणि एका जागी तर समुद्राच्या तळातून गरम बुडबुडे वर येत, चुलीवरच्या आधणासारखे.

तिथं तिला देविदास राठोड भेटला. कॉलेजातल्या मुलींबरोबर ती एका रविवारी डायव्हिंग कंपनीच्या दुकानात गेली होती. मागच्या अंगणात कुणीतरी हवेची टाकी धाडकन आदळली आणि एक सडसडीत काळा माणूस ओरडला, "काहून फेकून राहिला बे!" राजनंदिनी जागच्या जागी थबकली.

"तुम्ही कुठले?" तिनं मराठीत विचारलं.

माणूस गडबडला. "लांबचा हाय. हिंगोली जिल्हा. तुमाला न्हाई कळायचं."

"मी वसमतची. त्याच जिल्ह्यातली."

तो त्या टाकीवरच खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. सेनगावकडच्या तांड्यावरचा हा माणूस जहाजावर कपडे धुवायला म्हणून निघाला होता. बेटावर उतरला, डायव्हिंगचे पोशाख धुवायला लागला, धुता धुता पाण्यात उतरला, आणि आता पाहुण्यांना समुद्राखाली फिरवून आणायचं काम करत होता. पुढं दर रविवारी तो राजनंदिनीला शिकवायचा. तो तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणे, ती त्याला 'देविदासदादा'. पोहणं ती त्याच्याकडूनच शिकली. टाकीशिवाय नुसता दम धरून, नांगराच्या दोरीला धरून खाली जायचं, हेही त्यानंच शिकवलं.

आषाढात तो गेला. देह मिळाला नाही. पुढं राजनंदिनीची परीक्षा आली. मग एक दिवस तिला अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज. "मी देविदासची घरवाली बोलते, पुजा. शेवटी तुमीच होत्या ना त्याच्या संग? फोनवर नगा सांगू. इथं या अन् आमच्या तोंडावर सांगा."

उत्तमराव म्हणाले होते, मी येतो बरोबर. तिनं नको म्हटलं. वडील आले असते तर बोलणं बापेमाणसांमध्ये झालं असतं, पाटीलकीच्या सुरात, आणि देविदास बाजूलाच राहिला असता.

*

तांडा टेकाडाच्या उतारावर होता. देविदासचं घर वरच्या अंगाला, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत देविदासचे वडील सेवा राठोड खाटेवर बसले होते. निर्मलाबाई, त्याची आई, खांबाला टेकून भुईवर. पुजानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली. तिच्या कपाळाला कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या. राजनंदिनीनं ते पाहिलं आणि नजर खाली घातली. या घरात देविदास अजून मेलेला नव्हता.

प्रेमदास बसला नाही. पंचविशीचा, देविदाससारखीच रुंद हनुवटी. तो आईशी गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, काहीतरी बोलला. राजनंदिनीला त्यातलं 'देविदास' तेवढं कळलं.

"तो म्हणून राहिला, कंपनीनं तुमाला पाठवलं," सेवा म्हणाले. "खरं का?"

"नाही बाबा. मी माझी आले. पुजाताईंनी बोलावलं म्हणून."

सगळ्यांनी पुजाकडं पाहिलं. पुजा हलली नाही. "व्हय. म्या बोलावलं."

"बुडला म्हणतात," प्रेमदास म्हणाला. "कुनी पाहिला बुडताना? देह कुठं हाय? त्या देशातल्या जेलात असंल तो. कायतरी भानगड झाली असंल अन् कंपनी लपवून राहिली."

"मी पाहिलं," राजनंदिनी म्हणाली. "जेवढं पाहिलं तेवढं सांगते."

निर्मलाबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "सांग पोरी. काई गाळू नको."

राजनंदिनी घोटभर पाणी प्यायली आणि सांगायला लागली.

त्या दिवशी बोटीत बोटवाला सोडून चौघंच होते. देविदास, ती, आणि कॅनडाहून आलेलं एक म्हातारं जोडपं. बेटाचा सुळका जिथं समुद्रात घुसतो तिथं पाण्याखाली प्रवाळाचं पठार आहे. वरून ऊन झिरपतं. सुपाएवढी जांभळी प्रवाळं पंख्यासारखी डुलत असतात, पोपटाच्या रंगाचे मासे दगड कुरतडतात आणि त्याची करकर कानात येत राहते. मग ते पठार एकदम संपतं. पुढं काळा कडा, उभा, नजर पोचत नाही तिथवर खाली. कड्याला रांजणाएवढे स्पंज चिकटलेले, कपारींत मिशा हलवणारे, मोठ्या कोळंबीसारखे शेवंड. देविदासला ती जागा सगळ्यांत जास्त आवडायची. आपल्या हिरीसारखाच दगड हाय, म्हणायचा, फकस्त तळ न्हाई.

ते कड्याच्या कडेकडेनं चालले होते. पुढं देविदास, मधे ते जोडपं, शेवटी राजनंदिनी. म्हाताऱ्याच्या हातात कॅमेरा होता. कड्याखालून एक भलंमोठं कासव वर आलं, वळलं आणि परत खाली गेलं. म्हातारा त्याच्या मागं निघाला. आधी दोन हात, मग चार हात, मग तो थांबेचना. एवढं खोल गेलं की हवेतला नायट्रोजन डोक्यात चढतो, दारू चढावी तसा. माणसाला वाटतं सगळं छान चाललंय. देविदासनं टाकीवर कडी ठणठण वाजवली. म्हाताऱ्यानं वर पाहून हात हलवला आणि आणखी खाली गेला.

"त्याची बायको घाबरली," राजनंदिनी म्हणाली. "ती त्याच्या मागं जायला निघाली. मी तिला धरलं. देविदासदादानं माझ्याकडं पाहिलं. तळहात असा आडवा धरला. म्हणजे इथंच थांब. मग दोन बोटं जोडून आमच्या दोघींकडं दाखवलं. म्हणजे हिला सोडू नको. आणि तो उलटा होऊन खाली गेला."

खालच्या घरातून मिक्सरचा आवाज येत होता, तो थांबला.

"मग मला बुडबुडे दिसले. आपण श्वास सोडला की बुडबुडे वर जातात. त्या म्हाताऱ्याचे बुडबुडे खाली चालले होते. कड्याला लागून पाणीच खाली ओढत होतं, ओढ्याला लोंढा यावा तसं, पण उभं. ते कधीकधी होतं तिथं. आम्ही वर होतो तरी मला ते पायांना जाणवायला लागलं. मी एका हातानं कपार धरली. दुसऱ्या हातात ती बाई."

देविदास त्या ओढीत शिरला. त्यानं म्हाताऱ्याला गाठलं, मागून धरलं, कड्यापासून बाहेर ढकलायला लागला. त्याच्या कमरेचा शिशाचा पट्टा सोडून दिला, जाकिटात हवा भरली. म्हातारा सुटला, आणि सुटलेल्या बुचासारखा वर गेला, त्यांच्या अगदी समोरून. तो वाचला. पुढं कितीतरी दिवस दवाखान्यात होता. पण त्याला ढकलण्याच्या झटक्यात देविदास स्वतः कड्याकडं फेकला गेला, आणि तिथं पाण्यानं त्याला धरलं.

"त्याच्या हातात बॅटरी होती. ती खाली खाली जाताना दिसत होती. तो कड्याला धरायला बघत होता, बॅटरी थांबायची, परत सुटायची. मग बॅटरी दिसेना. त्याचे बुडबुडे मात्र येत होते. ओढ त्या वेळी जरा कमी झाली असेल. येत होते, थांबत होते, परत येत होते." राजनंदिनीनं तांब्या हातात घेतला. तिनं तो परत जागेवर ठेवला. "मग आले नाहीत. मी वाट पाहिली. माझी हवा संपत आली होती, त्या बाईची त्याहून कमी होती. मग मी तिला घेऊन वर आले."

मग प्रेमदास म्हणाला, "तुमी काहून न्हाई गेल्या खाली?"

हा प्रश्न येणार हे तिला वसमतहून निघतानाच माहीत होतं.

"त्यानं थांब म्हणून सांगितलं होतं. आणि मी गेले असते तर ती बाई माझ्यामागं आली असती."

"परकी बाई! अन् त्यानं तुमाला पोहणं शिकवलं. दर फोनवर डॉक्टरीणबाईचं नाव. तो खाली मरून राहिला होता अन् तुमी वरून बुडबुडे पाहून राहिल्या?"

"प्रेमदास," सेवा म्हणाले.

"न्हाई बा, मला पटत न्हाई! देविदास आपल्या हिरीच्या तळाची माती घेऊन वर यायचा. दम धरून! पाठीवर हवेची टाकी असून तो बुडतो? ही खोटं बोलून राहिली." तो पायरी उतरला आणि वळून त्यानं राजनंदिनीकडं बोट केलं. "चला. मी दाखवतो तुमाला. टाकीशिवाय खाली जातो अन् माती घेऊन वर येतो. मंग सांगा, माझा भाऊ कसा बुडला ते."

*

विहीर घरामागच्या पट्टीतच होती. गोल, काळ्या पाषाणात सुरुंग लावून खोदलेली, एका अंगाला दगडी पायऱ्या. यंदा पाऊस भरपूर झाला होता, पाणी वरच्या पायऱ्यांना लागलं होतं. पाण्यातली मोटर चालू होती. तिचा जाड पाइप, काळी वायर आणि निळी दोरी सरळ खाली हिरव्या पाण्यात गेली होती. नळीतून हरभऱ्यात धो धो पाणी पडत होतं. तांड्यावरची बापे माणसं कापसात आणि तुरीत गेलेली. मागोमाग आली ती सेवा, निर्मलाबाई, पुजा, आणि गडबड ऐकून प्रमोद.

"मोटर चालू आहे," राजनंदिनी म्हणाली. "आधी बंद करा. आणि रागात पाण्यात उतरू नका. तुमचा श्वास आत्ताच वर लागलाय."

"मला नगा शिकवू."

निर्मलाबाई त्याच्यावर गोरमाटीत ओरडल्या. त्यानं ऐकलं नाही. शर्ट काढून फेकला, जीन्स तशीच ठेवली, पाटाएवढा एक दगड उचलून छातीशी धरला, एक मोठा श्वास घेतला आणि उडी टाकली.

पाणी फुटलं, परत मिटलं. हिरव्यात एक फिकट सावली खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

"येतो तो," सेवा म्हणाले. ते स्वतःलाच सांगत होते. "दरसाली करतो. दोघंबी करायचे."

राजनंदिनी काठावर गुडघे टेकून पाण्याकडं पाहत होती. बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. ठीक. आणखी एक. मग काहीच नाही. पाइप थोडा हलला. परत हलला, जोरात, वरचा वाकडा तुकडा दगडावर ठकठक वाजला. आणि मग पाण्याच्या मधोमध बुडबुड्यांचा एक मोठा लोट फुटला.

दम धरलेला माणूस एवढी हवा एकदम सोडत नाही. सोडावी लागली तरच सोडतो.

"मोटर बंद करा!" ती किंचाळली. पुजा स्टार्टरच्या पेटीकडं धावली. राजनंदिनीनं ओढणी, चपला भिरकावल्या. नळीतली धार लुळी पडली. "बंद झाली!" पुजाचा आवाज आला, आणि राजनंदिनी पाण्यात होती.

वरचं हातभर पाणी कोमट होतं, त्याखाली गार. तिनं पाइप धरला आणि एकेका हातानं स्वतःला खाली ओढत निघाली. नाक दाबून कान मोकळे केले. हिरवं पाणी तपकिरी झालं, मग काळं. डोळे उघडे ठेवून उपयोग नव्हता, तिनं मिटून घेतले. आणखी खाली. कान परत दुखले, परत मोकळे केले. आणि मग काळोखातून एक हात आला आणि तिच्या मनगटावर पडला.

ती पकड भानावरच्या माणसाची नव्हती, बुडणाऱ्याची होती. त्यानं तिला खेचलं, दुसरा हात तिच्या केसांत घातला. तिनं झटापट केली नाही. झटापट केली तर दोघंही संपले हे तिला माहीत होतं. ती त्याच्या अंगावरून चाचपत उलट खालीच गेली. कमर, मांडी, गुडघा. उजव्या पायाची जीन्स पाइप जोडणाऱ्या लोखंडी पट्टीच्या बोल्टात अडकली होती, आणि वायरचा एक वेढा घोट्याभोवती आवळला होता. तिनं वायर सोडवली. जीन्स ओढली. जाड कापड, ओलं, फाटेना. पायांनी खडकाला रेटा देऊन ओढली. नाही.

तिच्या छातीत आग पेटली होती. केसांतली पकड सैल झाली आणि तो हात नुसता पाण्यात लोंबकळला.

आता त्याच्यापाशी राहिलं तर इथंच राहायचं. तिनं त्याला तिथंच सोडलं आणि पाइप धरून वर निघाली.

ती वर आली तेव्हा निर्मलाबाई पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. राजनंदिनी एकटीच वर आलेली पाहून त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिनं पुढं कधीच कुणाला वर्णन करून सांगितला नाही.

"सोडलंस! त्यालाबी सोडलंस!"

"विळा," राजनंदिनी धापा टाकत म्हणाली. "विळा द्या! पाय अडकलाय, कापड कापायचंय!"

निर्मलाबाई तिच्याकडं झेपावत होत्या. पुजानं सासूला एका हातानं मागं ओढलं आणि धावत बांधावर गेली. गवताच्या भाऱ्यात खोचलेला विळा तिनं उपसला आणि पायऱ्या उतरून मुठीकडून राजनंदिनीच्या हातात दिला. दोघींची क्षणभर नजरानजर झाली. पुजा एवढंच म्हणाली, "जा."

राजनंदिनीनं दोन श्वास घेतले. तिसरा घ्यावासा वाटत होता. घेतला नाही.

या वेळी पाइप ओळखीचा होता. ती भरभर खाली गेली. प्रेमदासचा हात हलत नव्हता, डोकं खांद्यावर कललेलं लागलं. तिनं बोल्ट चाचपला, विळ्याचं पातं कापडाखाली घातलं आणि जीव खाऊन ओढलं. कापड फाटलं, त्याबरोबर त्याची पोटरीही कापली गेली हे तिच्या बोटांना कळलं. पाय सुटला. तिनं विळा टाकला, त्याच्या काखेत हात घातला आणि खडकाला लाथ मारली.

वरचा उजेड येता येईना. अर्ध्यात तिला वाटलं की आपण वर जातच नाही, पाणी खाली चाललंय आणि आपण आहोत तिथंच आहोत. मग तिचं डोकं पाण्याबाहेर आलं. प्रमोद, ज्याला पोहता येत नव्हतं, पायरीवर पालथा पडून हात पुढं करून होता. त्यानं प्रेमदासचा दंड धरला. पुजानं दुसरा धरला. सेवांनी मागून सुनेचा पदर कमरेशी आवळून धरला होता.

काठावर प्रेमदास राखेच्या रंगाचा झाला होता. श्वास नव्हता. राजनंदिनीनं त्याची मान मागं केली, नाक दाबलं, तोंडावर तोंड ठेवून फुंकलं. छाती वर आली. परत फुंकलं. गळ्याशी बोटं लावली. नाडी होती, अगदी बारीक, पण होती. निर्मलाबाई त्याच्या पायाशी बसून जखमेवर आपल्या ओढणीचा पदर दाबत होत्या आणि गोरमाटीत एकच शब्द परत परत म्हणत होत्या. राजनंदिनी फुंकत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले होते.

मग त्याच्या घशात काहीतरी घुरघुरलं. तिनं त्याला कुशीवर वळवलं. भडाभडा पाणी बाहेर आलं, मग खोकला, मग एक लांब, कर्कश, फाटलेला श्वास.

"याडी," प्रेमदास म्हणाला. आई.

*

"गाडीत घाला," राजनंदिनी म्हणाली. "आत्ता. हिंगोलीला, सरकारी दवाखान्यात."

"शुद्धीवर आला की," सेवा म्हणाले.

"छातीत पाणी गेलंय बाबा. आता बरा दिसेल आणि दोन तासांनी परत श्वास अडेल. चला."

जीप तोंड फिरवून उभीच होती. मागच्या सीटवर प्रेमदासला निर्मलाबाईंच्या मांडीवर निजवलं. राजनंदिनी त्याच्या नाडीवर बोट ठेवून फटीत बसली, ओल्याच कपड्यांनी. पुजानं स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि पुढं सासऱ्याशेजारी बसली. प्रमोदनं गाडी अशी हाणली की वाटेत कुणी बोलूच शकलं नाही.

दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. ऑक्सिजन लावला, पायाला टाके घातले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत, दोन दिवस ठेवू, बहुतेक काही होणार नाही. सेवा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले आणि तोंडावर पागोटं धरून रडले. पाच महिन्यांत ते पहिल्यांदा रडत होते, हे राजनंदिनीला पुजानं नंतर सांगितलं.

निर्मलाबाई बाकावर राजनंदिनीच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या घागऱ्याला रक्त लागलं होतं.

"तू रिकामी वर आलीस," त्या म्हणाल्या, "तवा माझ्या हातात विळा असता तर म्या तुलाच मारला असता."

"हो, मावशी."

"आपलीच हीर. पाण्यानं कसं धरलं त्याला." त्यांनी घागऱ्यावरचा डाग बोटानं घासला. मग म्हणाल्या, "हे एक लेकरू तू आणलंस. ते एक न्हाई आणलंस. मी दोन्हीबी इसरणार न्हाई. खोटं कशाला बोलू तुला."

"नका विसरू," राजनंदिनी म्हणाली. निर्मलाबाईंनी तिचा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. तो तिथंच राहू दिला.

संध्याकाळ झाली तशी पुजा चहा घेऊन आली. तिनं राजनंदिनीला बाहेर लिंबाखाली नेलं.

"मला एकच विचारायचं हाय. तिथं सासूसासऱ्याम्होरं विचारता आलं न्हाई. तो भेला होता का? शेवटी?"

हो म्हणावं तर हिच्या डोळ्यांसमोर ते कायमचं राहणार. नाही म्हणावं तर तेही राजनंदिनीला माहीत नव्हतं.

"मला दिसलं नाही पुजाताई. वर होता तोवर भ्यालेला नव्हता. खाली जाताना त्यानं वळून पाहिलं नाही, सरळ गेला. त्यानंतरचं मला माहीत नाही."

पुजानं कप खाली ठेवला. डोळे पुसले. "बरं झालं. तुमी 'न्हाई भेला' म्हणल्या असत्या तर मंग मला सगळंच खोटं वाटलं असतं." थोड्या वेळानं ती म्हणाली, "तो सांगायचा, पाण्याखाली पिवळी झाडं असतात म्हणे. हलतात. मी म्हणायची, फेकू नको."

"असतात," राजनंदिनी म्हणाली. "ती झाडं नसतात खरं तर. जीव असतात, बारीक बारीक, एकमेकांना धरून राहिलेले." आणि ती सांगत राहिली. पोपटमाशांचं, रात्री उमलणाऱ्या प्रवाळांचं, शेपटीनं गवताला धरून बसणाऱ्या बोटभर घोडमाशांचं, गरम बुडबुड्यांत हात धरून देविदास पाहुण्यांना कसा हसवायचा त्याचं. पुजा मधेमधे विचारत होती, आणि अंधार पडला तरी दोघी तिथंच होत्या.

प्रेमदास घरी आल्यावर आठवड्यानं सेवांनी तांड्याच्या चार माणसांना बोलावून सांगितलं, की देविदासचं क्रियाकर्म करायचं. देह नसताना करतात तसं केलं. राजनंदिनी गेली होती, या वेळी उत्तमरावही बरोबर होते, आणि ते सेवांच्या शेजारी मांडी घालून गप्प बसले होते. त्या दिवशी पुजानं बांगड्या उतरवल्या नाहीत. निर्मलाबाईंनीच तिला सांगितलं, हातात राहू दे. बाया कुजबुजल्या. निर्मलाबाईंनी तिकडं एकदा पाहिलं, आणि कुजबुज थांबली.

बेटावर परत जाण्याआधी राजनंदिनी तांड्यावर निरोप घ्यायला आली, आणि निघताना तिला सेनगावच्या स्टँडवर सोडायला प्रेमदास आला. पायाला पट्टी होती, जरा लंगडत होता. त्यानं तिची बॅग एसटीत चढवली, खिडकीची जागा धरली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. त्या दिवसापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. कंडक्टरनं घंटी वाजवली.

"तिकडं गेल्यावर त्या जागी जाणार का?" त्यानं विचारलं. "त्या कड्यापाशी?"

"जाईन. कधीतरी जावंच लागेल."

बस हलली. प्रेमदास खिडकीचा गज धरून चार पावलं बरोबर चालला.

"कडेलाच थांबा," तो म्हणाला. "खाली उतरू नगा."

त्यानं गज सोडला, आणि बस फाट्याकडं वळली.